मनोऱ्याच्या अलीकडे

कतारमध्ये चढ नाही. हे विधान मी जबाबदारीने करतो. माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली आणि जमिनीकडे पाहून पाणी कोणत्या बाजूला वाहील हे सांगणे हा माझा व्यवसाय होता. येथे ते कोणत्याच बाजूला वाहणार नाही. उम्म सलाल मोहम्मदला मुलाच्या घरी राहायला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी गच्चीवर गेलो, चारी दिशांना पाहिले आणि खाली उतरलो. पत्नीने विचारले, काय दिसले. मी म्हणालो, सगळे.

मी ज्या मुलखातला आहे तो लाव्ह्याचा आहे. ज्वालामुखीचे थर एकावर एक साचले, निवले, झिजले आणि त्यांचा सह्याद्री झाला. त्या थरांच्या पायऱ्यांवर आमचे गड बसलेले आहेत. गडाच्या पायथ्याला गाव असते आणि गावाला एसटी जाते. तरुणपणी आम्ही कोणत्याही गडाची उंची विचारली नाही. गाडी कोठून सुटते, मुक्कामी आहे का आणि परत कधी निघते, एवढेच विचारले. मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी गावात येऊन तेथेच वस्तीला राहणारी आणि सकाळी शाळेची पोरे व दुधाच्या किटल्या घेऊन परतणारी. तिच्या वेळापत्रकावर आमचा सारा भूगोल उभा होता.

निवृत्तीनंतरही खात्यातले आम्ही चौघे दर हिवाळ्यात एक गड करतो. एसटीनेच. मोटार न्यायची नाही, हा नियम. यंदा डिसेंबरात नाशिककडचा एक गड ठरला होता आणि मला परवानगी नव्हती.

कारण मागच्या हिवाळ्यातले. अर्ध्या चढावर मला घेरी आली. मी बसलो, पाणी प्यालो, उठलो आणि वर गेलो. माथा गाठला. त्यात परतीची गाडी गेली. फोनला रेंज नव्हती. पुण्यात पोचायला दुसरा दिवस उजाडला, आणि तोवर मुलाचे कतारमधून निम्म्या पुण्याला फोन करून झाले होते. पुढे डॉक्टरांनी सर्व तपासण्या केल्या आणि माझ्यात काही दोष नाही असे सांगितले. घरच्यांनी मात्र तपासणीशिवाय दोष सांगितला. मला अर्ध्यातून वळता येत नाही.

मुलगा रास लफानला गॅसच्या प्रकल्पात आहे. पाळी संपवून कंपनीच्या बसने घरी आला, बूट काढता काढता म्हणाला, "बाबा, गड आता खलास." त्याच्या कामावर सुरक्षेचे नियम कडक असतात. ते तो घरीही आणतो.

लग्नानंतरची पहिली काही वर्षे पत्नी माझ्याबरोबर गडांवर आलेली आहे. माझ्यामुळे चुकलेल्या गाड्या, त्यापायी शाळेच्या ओसरीवर काढलेल्या रात्री, हे सर्व तिच्या स्मरणात व्यवस्थित लावून ठेवलेले आहे. तिचा माझ्या पायांवर विश्वास होता. माझ्यावर नव्हता. दोन दिवसांनी चहा देताना तिने अट सांगितली.

"इथे चालून दाखवा. बसने जायचं, बसने यायचं. मी बरोबर असेन. दुपारची बांग ऐकू आली की असाल तिथून वळायचं. एक पाऊलसुद्धा पुढे नाही."

"आणि वळलो तर?"

"तर त्याला मी सांगेन. पण नाही वळलात, तर डिसेंबरात डाळिंबं सोलत बसायचं माझ्याशेजारी."

मी अल रुवैस निवडले. बस जेथे संपते तेथून चालायला सुरुवात करायची, हा आमचा जुना शिरस्ता, आणि उत्तरेची बस रुवैसला संपते. बंदरापासून किनाऱ्याने पश्चिमेला गेले की कोळ्यांचे एक ओसाड गाव लागते. घरांच्या भिंती ढासळल्या आहेत, मशिदीचा मनोरा तेवढा शाबूत आहे. नातीने फोनवर नकाशा पाहिला. तिला मराठी समजते, उत्तर इंग्रजीत येते. म्हणाली, "आजोबा, देअर इज नथिंग देअर." मी म्हणालो, तेच पाहायला चाललो आहे.

सकाळी गार वारा होता. बस आली. मी दाराशी दोघांची कार्डे यंत्राला टेकवत असताना पत्नी पुढे गेली आणि खिडकीशेजारच्या सीटवर तिने रुमाल टाकला. बसमध्ये सगळ्या सीटा रिकाम्या होत्या.

"हा कोणासाठी?" मी विचारले.

"तुमच्यासाठी."

मी तिच्या मागे दोन हातांवर उभा होतो. ते तिच्याही लक्षात आले असावे, कारण ती खिडकीबाहेर पाहू लागली. मग त्या बाजूला ऊन येते म्हणून आम्ही पलीकडे बसलो आणि रुमाल तेथेच राहिला. पुढच्या थांब्यांवर कामगार चढत गेले. बस भरली. माणसे दांडीला धरून उभी राहिली, पण त्या सीटवर कोणी बसेना. शेवटी एका नेपाळी माणसाने रुमाल दोन बोटांनी उचलला, नीट घडी केली, आणि हा कोणाचा म्हणून बसभर विचारीत आमच्यापर्यंत आला. पत्नीने तो घेतला आणि गंभीरपणे त्याला म्हणाली, "आप बैठो." सीट तिच्या मालकीची असल्यासारखे. तोही आभार मानून बसला. मी रस्त्याकडे पाहत राहिलो. हसणे माझ्या सवयीचे नाही, आणि परीक्षा सुरू झालेली होती.

रुवैसला बंदरात लाकडी नावा एकमेकींना खेटून उभ्या होत्या. धक्क्यावर तारेच्या जाळीचे माणसाएवढे घुमट रचून ठेवले होते. एवढ्या कोंबड्या कोण पाळतो, असे पत्नीने विचारले. ते मासे धरायचे पिंजरे होते. तिने ते मान्य केले, पण कोंबड्यांनाही चालतील असे वर म्हणाली. टपरीवर करक चहा घेतला आणि निघालो.

तेथून पुढे खरोखरच काही नव्हते. डावीकडे पिवळट माळ, उजवीकडे ओहोटीने उघडा पडलेला समुद्रतळ, मध्ये मिठाचा पापुद्रा धरलेली जमीन. भाजलेल्या पापडांवर चालावे तसा पायाखाली आवाज येई. सुरुवातीला पत्नी जपून पाऊल टाकत होती. थोड्या वेळाने ती मुद्दाम न मोडलेल्या जागा शोधून त्यांवर पाय देऊ लागली.

क्षितिजावर मनोरा दिसत होता. मी अंदाज सांगितला, अर्धा तास.

येथे माझी चूक झाली, आणि ती केवळ आमच्याकडच्या माणसाचीच होऊ शकते. सह्याद्रीत आम्ही अंतर डोळ्यांनी मोजत नाही, चढाने मोजतो. झाडे केव्हा संपतात, कातळ केव्हा लागतो, धाप कोणत्या वळणावर लागते, यांवरून तास ठरतात. येथे झाड नव्हते, कातळ नव्हता, वळण नव्हते आणि धापही लागत नव्हती. माझ्याजवळ मोजायला काहीच उरले नाही. अर्धा तास चाललो. मनोरा होता तेवढाच राहिला.

"झाला अर्धा तास," पत्नी म्हणाली.

"आणखी अर्धा तास."

हे काही वेळा झाले. पुढे पुढे ती प्रश्न विचारी आणि माझे उत्तरही तीच देई, माझ्याच आवाजात, कपाळाला आठी घालून. मी दुर्लक्ष केले. मग एकदा मीच विचारले, किती राहिले असेल. ती थांबली, हात कपाळावर आडवा धरून मनोऱ्याकडे पाहिले, आणि खात्यातल्या माणसाने साहेबाला सांगावे तशी म्हणाली, "अर्धा तास, साहेब." तेव्हा मात्र मला हसू आवरले नाही.

या देशात उघड्या माळावर चालणारा माणूस म्हणजे ज्याची गाडी बंद पडली आहे असा माणूस. चालण्यासाठी चालणे ही कल्पना कोणाच्या मनात येत नाही. पाठीमागून एक पिकअप आली. आत पांढऱ्या दाढीचा एक स्थानिक गृहस्थ होता आणि मागच्या सीटवर त्याची दोन नातवंडे. त्याने मोडक्या हिंदीत विचारले, गाडी कुठे आहे. मी सांगितले, गाडी नाही. चोरीला गेली का? नाही. मग रुतली? नाही. आम्ही चालतो आहोत. त्याने पत्नीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि हा नवरा-बायकोचा मामला आहे असे ठरवून पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या खिडकीतून दिल्या.

"शुक्रन," पत्नी म्हणाली. गाडी गेल्यावर मला म्हणाली, "त्याला वाटलं, भांडून उतरलोय."

थोड्या वेळाने दुसरी गाडी थांबली. तिनेही पाणी दिले, वर खजुराचा डबा. तिसरीने पाणी. नको म्हटले तर ते माणूस भ्रमिष्ट झाल्याचे लक्षण समजत, आणि आणखी एक बाटली देत. गडावर जाताना पिशवीतले पाणी संपत जाते. आमचे वाढत चालले. माझ्या पाठीवर एवढे पाणी झाले की दर पावलाला ते हिंदकळे, आणि त्या आवाजाने पत्नी हसे, आणि ती हसली की मला पाऊल नीट टाकता येईना.

"तुम्ही आता कालवा झालात," ती म्हणाली. "खात्याला कळवायला हवं."

वाटेत माणसाच्या उंचीचा एक ढिगारा लागला. जुन्या भिंतीचा असेल किंवा कोणी माती टाकलेली असेल. दिवसभरात दिसलेला हा पहिला चढ होता. आम्ही दोघेही काही न ठरवता त्याकडे वळलो. पत्नी पुढे झाली. अर्ध्यात थांबून तिने जाहीर केले, हा पहिला दरवाजा. आणखी दोन पावलांवर दुसरा दरवाजा. वर पोचल्यावर तिची ओढणी वाऱ्याने सरळ आडवी झाली. तिने मला बालेकिल्ला दाखवला, तो तिच्या पायाखालचा दगड होता. पाण्याचे टाके कोठे आहे असे मी विचारले. तिने माझ्या पाठीवरच्या पिशवीकडे बोट दाखवले.

त्या माथ्यावर बसून आम्ही थालीपीठ आणि लसणाची चटणी खाल्ली. समोर उथळ पाण्यात रोहित पक्षी एका पायावर उभे होते. तेही फार दूर असावेत किंवा अगदी जवळ. ते ठरवण्याचा अधिकार मी सकाळीच गमावला होता. पत्नी म्हणाली की गेल्या कित्येक वर्षांत आपण एवढे बोललो नव्हतो. मी म्हणालो, आपण नाही, तू. तिने उरलेले थालीपीठ स्वतःच खाल्ले.

उतरून पुढे निघालो आणि मनोरा अचानक मोठा होऊ लागला. हेही मला अपरिचित होते. सकाळभर जो हलला नाही तो आता प्रत्येक पावलाबरोबर वाढत होता. त्याच्या खिडक्या दिसू लागल्या. मग खिडक्यांत बसलेली कबुतरे दिसली. ढासळलेल्या घरांच्या दारांच्या चौकटी दिसल्या. पत्नी पुढे चालत होती, जवळजवळ पळतच. मला खात्री आहे की पाच-सात मिनिटांचे काम उरले होते, आणि या वेळी माझा अंदाज बरोबर होता.

तेव्हा बांग ऐकू आली. रुवैसच्या भोंग्याचा आवाज वाऱ्याबरोबर सपाट जमिनीवरून सरळ आमच्या पाठीवर आला. बारीक, पण स्पष्ट.

मी थांबलो. पत्नी थांबली नाही.

"अगं," मी म्हणालो. "बांग झाली."

"ऐकली मी."

"मग वळायचं."

तिने मनोऱ्याकडे हात केला. "समोर तर आहे. आता एवढं आलोय तर हात लावून येऊ. चला."

हे वाक्य माझे होते. शब्द, सूर, हात करण्याची पद्धत, सर्व माझे. आयुष्यभर ते मी तिला, मित्रांना, गावच्या वाटाड्यांना ऐकवले होते, आणि ते ऐकणाऱ्याला कसे वाटते हे मला त्या माळावर पहिल्यांदा कळले. ऐकणाऱ्याला पुढे जावेसे वाटते. फार वाटते. कबुतरे एकदम उडाली आणि मनोऱ्याला वळसा घालून पुन्हा बसली. नाशिककडचा गड माझ्या डोळ्यांसमोर होता आणि हा मनोराही होता. मला दोन्ही मिळणार नव्हते.

मी पाठ फिरवली आणि चालू लागलो.

हळहळ वाटेल अशी माझी अपेक्षा होती. तसे झाले नाही. उलट अंग हलके झाले. जत्रेतल्या पाळण्यात बसून वरून खाली येताना जसे होते तसे काहीतरी पायांत झाले, आणि समोरचा सारा रिकामा मुलूख मला एकाएकी अतिशय विनोदी वाटू लागला. वळणे इतके सोपे होते. कोणी सांगितले नव्हते. मी एकटाच मोठ्याने हसत होतो, पाठीवर पाणी हिंदकळत होते. मागे वळून पाहिले नाही, कारण पाहिले असते तर मनोरा दिसला असता.

बऱ्याच वेळाने पत्नीची पावले मागे ऐकू आली. ती मनोऱ्याला हात लावून आली नव्हती. तेवढा वेळ ती नुसती उभी होती. ते तिने येताच सांगितले, आणि मी किती हट्टी आहे हेही. हात लावायला काय लागत होते? वाटभर ती तेच बोलत होती. परीक्षार्थीने परीक्षकाशी वाद घालू नये.

मात्र तिच्या उभे राहण्यात वेळ गेला होता. दुपारच्या बसनंतरची थेट संध्याकाळी होती, आणि दुपारची चुकली तर मुलगा निम्म्या कतारला फोन करणार हे उघड होते. बंदराच्या नावा दिसू लागल्या तेव्हाच कळले की चालून गाठणे कठीण आहे. त्याच वेळी सकाळचीच पिकअप परत आली. दाढीवाले गृहस्थ आम्हांला ओळखून हळहळले. त्यांनी मागचे दार उघडले. "यल्ला, बैठो."

मी नाही म्हणालो. पायी जायचे, पायी यायचे, असे ठरले होते.

"असं मी कधी म्हटलं?" पत्नी म्हणाली. "बसने जायचं, बसने यायचं, एवढंच म्हटलं."

"मधलं अध्याहृत आहे."

तिने माझ्याकडे पाहिले, मग रस्त्याकडे. "परीक्षकाला काही अध्याहृत नाही," ती म्हणाली, आणि नातवंडांच्या शेजारी जाऊन बसली. गाडी निघाली. मागच्या काचेतून ती आणि ती दोन मुले मला हात करत होती.

मी चालण्याचा वेग वाढवला. मग आणखी वाढवला. बस थांब्यावर उभी असलेली दिसली, तिचे दार उघडे होते, आणि त्या दारात माझी पत्नी होती. एक पाय बसच्या पायरीवर, एक पाय जमिनीवर. एका हाताने दांडी धरलेली, दुसरा हात माझ्या दिशेने उंच केलेला. आमच्याकडे गाडी अशीच थांबवतात. ड्रायव्हरने कितीही हॉर्न वाजवला, तरी जोवर एक पाय खाली आहे तोवर दार लागत नाही.

ड्रायव्हर केरळचा होता. तो म्हणत होता, अम्मा, अंदर आओ या बाहर जाओ.

"आदमी आ रहा है," पत्नी सांगत होती.

"किधर?"

"वो क्या. आ रहा है."

आतले प्रवासी खिडक्यांशी आले. मी त्यांना दिसत असणार. पांढऱ्या केसांचा एक मनुष्य, पाठीवर पाणी, मोकळ्या माळावरून बसच्या दिशेने येणारा. कोणीतरी काच वाजवली. कोणीतरी "यल्ला चाचा" म्हणाले आणि मग सगळेच म्हणू लागले. माझी धावण्याची इच्छा नव्हती. पण मी धावत होतो. छाती व्यवस्थित होती, पाय व्यवस्थित होते, घेरीचे नाव नव्हते. फक्त हसण्यामुळे श्वास पुरत नव्हता. पायरीवर पोचलो तेव्हा ड्रायव्हरही हसत होता. पत्नीने दुसरा पाय वर घेतला. दार लागले.

मी कार्डे टेकवली. पाण्याच्या बाटल्या बसमध्ये वाटून टाकल्या. बराच वेळ आम्हा दोघांना एकमेकांकडे पाहता येईना. पाहिले की पुन्हा सुरू होई. शेजारच्या सीटवरचा एक माणूस, काय विनोद आहे हे न कळताच, आमच्याबरोबर हसत होता.

रुवैस मागे पडल्यावर मी निकाल विचारला.

"वळलात," ती म्हणाली. "मी नको म्हणत असताना वळलात. त्याचे पैकीच्या पैकी."

"आणि बस?"

"बस मी पकडली. त्याचे तुम्हाला काही नाहीत."

उम्म सलालला उतरण्यापूर्वी मुलाचा फोन आला. पाळी संपत आली असावी, मागे यंत्रांचा आवाज होता. त्याने विचारले, बाबा कसे आहेत. पत्नीने मला जरा न्याहाळले. माझा सदरा घामाने आणि पाण्याने ओला होता, बुटांवर मीठ होते.

"ठीक आहेत," ती म्हणाली. "डिसेंबरात जातील ते. मी शब्द दिलाय. पुण्याची तिकिटं काढ, दोन."

पलीकडून त्याने बहुधा दुसरे कोणासाठी असे विचारले.

"माझं," ती म्हणाली. "मला वळता येत नाही, असं आज कळलंय. बाबांना बरोबर न्यावं लागेल."

नंतर तिने फोन पिशवीत ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत बसली. बाहेर जमीन सपाट होती. थोड्या वेळाने तिने विचारले, नाशिककडचा तो गड पायथ्यापासून किती आहे.

मी सांगितले, अर्धा तास.